लिहिता येतं, वाचता येत नाही

शिरूर, ६ फेब्रुवारी २०२५

दादा,

हे पत्र मी लिहिते आहे, पण लिहून झालं की मला ते वाचता येणार नाही. तेव्हा एखादा शब्द दोनदा आला किंवा ओळ भलतीकडे गेली तर समजून घे. मागे वळून तपासायची सोय राहिलेली नाही.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर मला ब्लॉक केलंयस, हे म्हाळसावहिनीनेच सांगितलं. म्हणून कागद. पत्ता रेल्वे कॉलनीचा जुनाच टाकते आहे. क्वार्टर बदलली असेल तर पोस्टमन शोधेल, दौंडात हनुमंत ड्रायव्हर म्हटलं की कुणीही दार दाखवतं.

तर झालं असं. डिसेंबर संपत आला होता. सकाळी उठले, घरमालकीण पार्वतीबाई दारात पेपर ठेवतात तो उचलला, आणि तो कुठल्या भाषेतला आहे तेच कळेना. आधी वाटलं पोऱ्याने चुकून कानडी टाकला. फोटो दिसत होते, मथळे दिसत होते, शाई काळी होती, पण एकही अक्षर ओळखीचं नव्हतं. चहाच्या डब्यावर पाहिलं, तिथेही तेच. भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे कळत होते, वार कळत नव्हते. डोकं ठणकत होतं आणि उजवीकडचं जरा धुरकट दिसत होतं. मी पार्वतीबाईंना विचारलं, हा पेपर मराठी आहे का? त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी गुपचूप रिक्षा बोलवायला सांगितली.

पुण्याला दवाखान्यात आठवडाभर होते. मेंदूच्या डाव्या बाजूला, पार मागे, रक्ताची बारीक गुठळी अडकली होती. चौतिसाव्या वर्षी असं कसं, तर त्यालाही त्यांच्याकडे एक लांबलचक नाव आहे. गोळ्या चालू आहेत. बोलणं, चालणं, ऐकणं सगळं जागेवर आहे. डॉक्टरांनी हातात पेन दिलं आणि म्हणाले, नाव-गाव लिहा. मी झरझर लिहिलं. मग त्यांनी तोच कागद माझ्यासमोर धरला आणि वाचायला सांगितलं. मला माझं नाव वाचता आलं नाही.

तेव्हा मी रडले. आता रडत नाही, रडायचाही कंटाळा येतो.

रोज काहीतरी लिहीत जा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. कुणाला लिहायचं ते सांगितलं नव्हतं, ते मी ठरवलं. आईला मात्र यातलं काही कळवू नकोस. तिला वाटेल पोरगी आंधळी झाली, आणि मग अख्खं राहू गाव टेम्पो करून मला बघायला येईल.

सुषमा


शिरूर, २० फेब्रुवारी

दादा,

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची टाळली. मी कामावर जाते आहे. जानेवारीत रजा संपली तशी हजर झाले. कंपनीत सांगितलंय की बीपी वाढून चक्कर आली होती. वाचता येत नाही, हे डॉक्टर सोडून कुणालाही माहीत नाही. आता तुला.

तुझ्या डोक्यात काय आलं असेल ते मला कळतंय. पण आधी ऐकून तर घे.

रांजणगावच्या आमच्या कारखान्यात मशिनी चीनहून येतात. त्यांची पुस्तकं चिनीत, पडद्यावरच्या सूचना चिनीत, आणि काही बिघडलं की तिकडचा इंजिनिअर व्हिडिओ कॉलवर बोलतो तेही चिनीतच. मी मधे उभी राहून दोन्हीकडचं दोन्हीकडे पोचवते. बोलणं तर जसंच्या तसं आहे. अडतं ते वाचण्यापाशी.

हजर झाले त्या दिवशीच सुपरवायझर चांगदेव यांनी मला एका पडद्यासमोर नेलं. लाल चौकटीत काहीतरी लुकलुकत होतं. ते म्हणाले, बघा मॅडम, काय म्हणतंय. मला रेघोट्यांचा गुंता दिसला. वाटलं, संपलं सगळं. हात मांडीपाशी लोंबत होता आणि त्याचं बोट आपसूक हलायला लागलं. समोर रेघ दिसेल तशी ते ड्रेसवर ओढत होतं, आधी डावीकडचे थेंब, मग उजवीकडची चौकट. बोट फिरून थांबलं आणि माझ्या तोंडातून शब्द आले, तेल कमी झालंय. चांगदेव तेल आणायला पळाले. मी तिथेच खांबाला टेकून उभी राहिले.

पुण्याचा चिनीचा कोर्स मी तुझ्या घरात राहून केला. सकाळच्या डेमू गाडीने जायचे आणि संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरात बसून चौकटीच्या वह्या भरायचे, एकेक अक्षर पानभर. तू ड्युटीवरून आलास की विचारायचास, काय गं, आज कुठल्या मुंग्या मारल्यास. त्या मुंग्याच आज कामाला आल्या. चिनी अक्षर नुसतं पाहून येत नाही, ते हातात बसवावं लागतं. कुठली रेघ आधी, कुठली नंतर, हे ठरलेलं असतं. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आणि चौकट असेल तर आतलं सगळं भरून झाल्यावर खालची रेघ ओढून ती बंद करायची. क्रम चुकला की आमच्या बाई पुन्हा पान भरायला लावायच्या.

डॉक्टरांना हे सांगितलं तर त्यांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. त्यांनी कागदावर डोकं काढून समजावलं. लिपी कुठलीही असो, वाचायला शिकलेल्या माणसाच्या मेंदूत डाव्या बाजूला, मागे खाली, एक जागा अक्षरं ओळखण्याच्या कामाला लागते. डोळ्याने पाहिलेल्या रेघा तिथे पोचल्या की त्यांचं अक्षर होतं. माझा तिथवर जाणारा रस्ता तुटलाय. चिनी वाचणाऱ्याच्या मेंदूत उजवी बाजूही बऱ्यापैकी हातभार लावते, आणि पुढे जिथे हाताच्या हालचाली ठरतात तो भागही जागा होतो. अक्षर दिसलं की ते लिहिल्याची आठवण हाताला येते म्हणे. तुझ्या भाषेत सांगायचं तर मेन लाइन बंद पडली म्हणून गाडी दुसरीकडून वळवली आहे. उशिरा पोचते, पण पोचते.

मराठीला हीच युक्ती लावून पाहते, पण ती फार रखडते. लहानपणी पाटीवर गिरवलं तेवढंच, नंतर सगळं आयुष्य नुसत्या डोळ्याने वाचत आले. त्यात छापील अक्षराचं वळण माझ्या हाताचं नसतं. जोडाक्षर आलं की बोट जागीच अडतं आणि एका ओळीत चहा गार होतो.

तर हे असं चाललंय. आता तुझ्या मनातलं मीच लिहिते. तीन वर्षांपूर्वी तुझ्या एका डोळ्याची नजर गेली होती आणि तू तपासणीचा तक्ता पाठ करून मालगाडी चालवत होतास. दाढी करताना त्या ओळी पुटपुटायचास, त्यावरून मी ओळखलं. साहेबांना सांग म्हणून मी तुझ्या मागे लागले, तू ऐकलं नाहीस, मग मीच जाऊन सांगितलं. तुला इंजिनवरून उतरवलं आणि लॉबीत टेबलाशी बसवलं, ड्रायव्हर लोकांच्या सह्या घ्यायला. ज्या बहिणीला घरात ठेवून शिकवलं तिनेच घात केला, असं तू आईला म्हणालास. माझ्याशी त्यानंतर काहीच बोलला नाहीस.

आणि आता मी मांडीवर बोटं फिरवून पगार घेते.

मला भीती वाटते, दादा. ही नोकरी गेली तर शिरूरची खोली गेली. मग राहूला परत, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण मला चांगलं स्थळ सुचवणार. माझ्या साहेबांना कळवायचं असेल तर खुशाल कळव. फिट्टंफाट होईल.

सुषमा


शिरूर, ४ मार्च

दादा,

आज घडलं ते आजच लिहून टाकते, उद्या माझीच पावलं मागे जातील.

आमच्याकडे नवी प्रेस आली आहे, पत्रा दाबून आकार देणारी. तिच्यावर नकुशी नावाची बाई काम करणार होती. चाळिशीची आहे, निमगावहून येते, हाताला चपळ आणि तोंडाला त्याहून. तिला चिनीतलं एक अक्षर येत नाही, तरी जुन्या मशिनीची सगळी बटणं ती ओळखते. चालू करायच्या बटणावरचं अक्षर तिच्या लेखी फाटक आहे, आणि बंद करायच्या अक्षराच्या डोक्यावर शिंगांसारख्या दोन बारीक रेघा आहेत म्हणून तो एडका. फाटक उघडायचं, एडका बांधायचा. सगळ्या बायका आता तसंच म्हणतात.

नव्या प्रेसवर बटणं जास्त आहेत आणि फाटक-एडक्यावर भागणार नाही, म्हणून मराठी स्टिकर लावायचं ठरलं. चिनीवरून मराठी मी हाताने लिहून दिलं, ते पुण्याला छापायला गेलं आणि आज सकाळी एका मोठ्या कागदावर सगळी स्टिकर एकत्र आली. लिहिलं मीच, पण समोर आल्यावर मला ती परकी. बटणावरचं चिनी बोटाने वाचता येत होतं. त्याच्या जोडीचं मराठी कुठलं, ते ओळखायचं होतं.

एकटी असते तर एकेक गिरवून पाहिलं असतं. पण चांगदेव शेजारी उभे होते आणि सेफ्टीवाले दोघे मोबाइलवर फोटो काढत होते. मी लांबी बघून लावायला सुरुवात केली. ‘बंद’ सगळ्यांत आखूड, म्हणून ते बंदच्या बटणावर. असं करत करत शेवटी दोन उरली, ‘प्रेशर वाढवा’ आणि ‘प्रेशर सोडा’. दोन्हींची सुरुवात एकसारखी आणि लांबीही जवळपास तेवढीच. माझा हात एकाकडे गेला, मी ते लावलं. उरलेलं उरलेल्या जागी. चांगदेव म्हणाले, झकास, जेवण झालं की ट्रायल घेऊ.

पत्रा आत अडकला की नकुशी प्रेशर सोडणार आणि हात घालून तो ओढणार. रोजचं काम आहे. त्या जागी चुकून प्रेशर वाढवायचं बटण दाबलं गेलं तर काय होईल, ते तुला सांगायला नको.

मी तिला गाठलं आणि म्हटलं, नकुशीताई, सुरू करायच्या आधी बटणं एकदा नीट वाचून घे. तिला चौथीपर्यंतचं वाचता येतं. ती डबा उघडत होती. वरही न बघता म्हणाली, “मॅडम, तुमी लावल्यात न्हवं? मग म्या काय बघायचं त्यात?”

सगळे जेवायला गेल्यावर मी पॅनेलपाशी गेले आणि त्या दोन स्टिकरांवरून बोट फिरवलं. एकदा एक शब्द निघाला, एकदा दुसरा, तिसऱ्यांदा काहीच निघालं नाही. खरं सांगते, तेव्हासुद्धा मनात आलं की बहुतेक बरोबरच असतील, जाऊ दे. तू तक्त्यासमोर उभा राहायचास तेव्हा तुलाही असंच वाटत असणार.

मग मी कँटीनमध्ये जाऊन चांगदेव यांना म्हटलं, “ट्रायल थांबवा. मला वाचता येत नाही.”

त्यांना वाटलं चष्मा विसरले. मी म्हटलं, मराठी नाही, चिनी नाही, काहीच नाही, दोन महिने झाले. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला, उठले आणि मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावून आले.

सुषमा


शिरूर, ९ मार्च

दादा,

स्टिकर सगळी बरोबर होती. ती दोनसुद्धा.

चांगदेव यांनीच फोन करून सांगितलं. मी फोन ठेवला आणि हसत सुटले, पार्वतीबाई घाबरून वर आल्या. म्हणजे मी गप्प बसले असते तर कुणाचं काहीच बिघडलं नसतं. नकुशीचा हात शाबूत राहिला असता आणि माझी नोकरीही. आता बिनपगारी रजा दिली आहे. फिट असल्याचं सर्टिफिकेट आणा, मग बघू म्हणाले. असं सर्टिफिकेट मला कोण देणार?

डॉक्टरांना विचारलं, वाचता येत नव्हतं तर बरोबर लागलं कसं? ते म्हणाले, असं काहींच्या बाबतीत दिसतं. मेंदूला शब्दाची थोडी ओळख पटलेली असते, पण तशी खबर माणसाला नसते. त्याला वाटतं आपण अंदाजाने बोट ठेवलं. मग मी विचारलं, त्या ओळखीच्या भरवशावर मशीन चालवू द्यायचं का? नाही, म्हणाले, कारण ती कधी दगा देईल ते तुम्हालाही आधी कळणार नाही.

नकुशी काल खोलीवर आली होती. मला वाटलं आभार मानेल. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, “आदी सांगायचं व्हतं, मॅडम. दोन म्हयनं आमी तुमच्या भरवशावर हात घालतोय.” खरं आहे तिचं.

दादा, मी तुझी माफी मागत नाही. तुझ्या साहेबांकडे गेले ते बरोबर केलं असंच मला आजही वाटतं. पण तेव्हा मी गेले ती अगदी ताठ मानेने, तुला काय वाटत असेल याचा एक क्षणही विचार न करता. खरं बोलायला लागतं तरी काय, असं वाटायचं. आता कळलं काय लागतं ते. एवढंच लिहायचं होतं.

तुझं उत्तर आलं तर पार्वतीबाईंकडून वाचून घ्यावं लागेल. त्या मोठ्याने वाचतात, गल्लीला ऐकू जातं. तेव्हा शिव्या घालायच्या असतील तर जरा बेताने घाल.

सुषमा


शिरूर, १७ मार्च

दादा,

काल तू उत्तर न पाठवता स्वतःच आलास. दारात वहिनीच्या चटणीची बरणी घेऊन उभा, आणि तीन वर्षांनी पहिलं वाक्य काय, तर जिना लई उभा हाय.

तू चहा पिताना एक बोललास, त्याला मला तोंडावर उत्तर सुचलं नाही, म्हणून हे पत्र. तू म्हणालास, “माझ्या हातनं एक सिग्नल चुकला न्हवता, सुषे. एक बी न्हाई.”

नव्हताच चुकला. मला तेव्हाही माहीत होतं. माझंही एक स्टिकर चुकलं नाही. पण दादा, ते आपल्याला नंतर कळलं. नकुशी हात घालायची ती आधी. तुझ्या गाडीसमोर फाटकात जो कुणी उभा असता तोही आधीच. एवढंच माझं म्हणणं आहे, आणि ते मी तुझ्याशी भांडायला लिहीत नाही. कंपनीतून काल तुझ्यासमोरच फोन आला, बोलण्याचं काम तेवढं द्यायचं का याचा विचार चाललाय म्हणून. वाचायला दुसरा माणूस ठेवतील, पगार कमी करतील. तू लॉबीतल्या टेबलाबद्दल पहिल्यांदा बोललास ते त्यानंतर. पहिलं वर्ष टेबलावरून उठून इंजिनांच्या शेडकडे बघतसुद्धा नव्हतास म्हणालास. मी होकार द्यावा असं मात्र तू म्हणाला नाहीस. देणार आहे मी.

आता तुला दौंडच्या गाडीत बसवायला आले तेव्हाचं, स्टँडवरचं. ऊन तिरपं आलं होतं, एका ओळीत तीन एसट्या लागल्या होत्या, आणि आपल्या घरातल्या माणसांना दुसऱ्याला विचारायची सवय नाही. तू बराच वेळ डोळे बारीक करून उभा होतास. मग म्हणालास, “तू बघ गं बोर्ड. मला लांबचं दिसत न्हाई.” दादा, हे वाक्य तुझ्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. तक्त्यासमोर नाही, डॉक्टरसमोर नाही, वहिनीसमोरही नाही, ते शिरूरच्या स्टँडवर माझ्यासमोर बोललास. माझे डोळे भरले, त्यामुळे बोर्ड मलाही नीट दिसेना.

मी तुझा तळवा हातात घेतला आणि समोर दिसेल तशी रेघ त्यावर ओढायला लागले. मी ओढत होते, तू अक्षर सांगत होतास. शेजारची बाई आपल्याकडे काय बघत होती. मी मूर्ख, बोर्डाच्या सुरुवातीपासून निघाले, आणि ‘शिरूर’ गिरवण्यातच गाडीने रिव्हर्स घेतला. आपण दोघं बघत राहिलो आणि ती निघून गेली. पुढची गाडी बऱ्याच वेळाने होती. तू चिडशील वाटलं, तर तू बाकावर जाऊन बसलास आणि मला उसाचा रस आणायला पाठवलंस. मग अंधार पडेपर्यंत बोलत बसलो.

एक गोष्ट तेव्हा बोलले नाही, ती आता लिहिते. त्या गाडीच्या दारात कंडक्टर उभा होता आणि दौंड, दौंड, दौंड असा सारखा ओरडत होता. मी ऐकलं होतं.

आणि कान तर तुझेही चांगले आहेत, दादा.

सुषमा